नाव मोकळं हाय का?

लेकराच्या कानात कुर्र करायला आत्या वाकली, की आमच्या हिंगोलीकडच्या पुसेगावात दारातून हमखास आवाज येतो, "थांबा. नाव मोकळं हाय का?"

हे किसननाना, आमच्या भावकीतले थोरले. भावकीत एक नाव दोघांना नको, हा रिवाज जुनाच. पण तो पाळून घ्यायचं काम नानांनी अंगावर घेतलं. हयात, मयत, नांदायला गेलेल्या, पुण्याला पळालेले, सगळ्यांची नावं त्यांना पाठ. एका बारशाला त्यांनी ओळीनं सात नावं नाकारली. शेवटी आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ द्या नाना, मोठं झालं की लेकरूच सांगंल."

दुकानांनाही हाच कायदा. गावातल्या सलूनचं नाव समोरच्या नव्या सलूननं उचललं, तेव्हा निकाल लागेपर्यंत नानांनी दोन्हीकडची दाढी बंद केली आणि सहा महिने ऋषी होऊन हिंडले. तुम्ही हसाल. मीही हसायचो.

मग मी आमची हळद विकायला वेबसाइट काढायचं ठरवलं. नावही शोधलं होतं, एका गाजलेल्या मसाल्याच्या नावात एक अक्षर फिरवून. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश.

"काहून रे, लोकाच्या लेकराचं टोपडं आपल्या लेकराला घालतो?" नाना म्हणाले. "उद्या त्याची माय मागायला आली म्हंजे?"

त्यांनीच नाव दिलं, बकुळा. मग माझ्याशेजारी बसून मला ट्रेडमार्कच्या सरकारी यादीत ते हुडकायला लावलं. मसाल्यांत ते कुणाचंच नव्हतं. त्या पानाची तारखेसकट प्रिंट काढून घेतली, तेव्हा कुठं मला डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, विकत घेऊ दिलं. "आता ट्रेडमार्क बी काढ," म्हणून मागे लागले. मी म्हणालो, "बघू."

तीन वर्षांनी बघावंच लागलं. एका मोठ्या कंपनीची नोटीस आली: बकुळा हे आमच्या नव्या मसाल्याचं नाव, तुम्ही त्या नावाची वेबसाइट आम्हालाच विकायला अडवून ठेवलीय, सोडा. माझं सगळं गिऱ्हाईक त्याच नावानं येत होतं. मी हळद न लावताच पिवळा पडलो.

हिंगोलीच्या वकीलबाईंनी प्रिंट पाहिली. "नाव तुम्ही आधी घेतलंय, हे बरंय. पण बकुळीचा आणि हळदीचा संबंध काय? सुचलं कुठून, ते लिहावं लागेल."

मी नानांकडे पाहिलं. अख्खी भावकी एका दमात सांगणारा माणूस टोपी काढून मांडीवर तिच्या घड्या घालू लागला.

"आमच्या कारभारनीनं काढून ठेवलं होतं, बाई. पोरगी झाली की बकुळा म्हणायचं. लेकरू झालंच न्हाई. ती गेली, नाव तसंच ऱ्हायलं." टोपीची आणखी एक घडी घालून म्हणाले, "हे पोरगं नाव हुडकून राहिलं होतं. म्हणलं, देऊन टाकावं."

मी, पन्नाशीच्या पोरानं, पाण्याचा पेला त्यांच्यापुढं सरकवला.

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. कंपनीनं माघार घेतली. त्याच आठवड्यात मी ट्रेडमार्कचा अर्ज भरला. वर्षभरानं प्रमाणपत्र आलं, ते घेऊन नानांच्या घरी गेलो. मालकाच्या रकान्यात दोन नावं होती, माझं आणि त्यांचं.

"हे काहून?"

"बापाचं नाव लागतंच, नाना."

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग घरात दुसरं कुणी नसताना, आतल्या खोलीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "ऐकलं का?"