ऑरव्हिल गाडी मागे घेतो

गाडी मागे घेण्यात आपला हात धरणारा माणूस अख्ख्या नेब्रास्कात नाही, असं ऑरव्हिल हॅगस्ट्रॉम बावीस वर्षं सांगत आला होता. गाडी साधीसुधी नव्हे, तीस फुटी घरगाडी! आत दोन पलंग, शेगडी, संडास, सगळं. दर जुलैत ती कोलोरॅडोच्या डोंगरात, एकाच तळ्याकाठच्या तळावर मुक्कामाला जाई. मुलं मागच्या पलंगावर पत्ते कुटत, लॉरेटा मांडीवर नकाशा घेऊन पुढे बसे, आणि गाडी रस्त्याला लागली की ऑरव्हिल आपल्या लहानपणच्या गोष्टी सुरू करी. फार सुखाचे दिवस होते ते.

आता मुलं मोठी झाली होती. थोरला रँडल विम्याच्या धंद्यात पडल्यापासून त्याला जगात नुसते अपघातच दिसत. यंदा तो सोबत आला तोच अट घालून, की गाडीला एक ओरखडा जरी पडला तरी सप्टेंबरात ती विकायची. ऑरव्हिलने मिशीतल्या मिशीत हसत अट कबूल केली. बावीस वर्षांत साधा पोचा आला नव्हता, तो आताच कशाला येतोय?

फरक एवढाच होता, की मे महिन्यात लॉरेटाच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. एरवी ती फाटकापाशी उतरे, नाव नोंदवी, चालत पुढे जाई आणि मग गाडीमागे उभी राहून हातवारे करी. यंदा हे काम रँडलकडे आलं. दिवसभर तिला रँडलला काहीतरी बाजूला घेऊन सांगायचं होतं, पण तीस फुटी गाडीत बाजू कुठली?

तळावर खुर्च्या टाकून बसलेली जुनी मंडळी घरगाडी दिसताच दरवर्षीप्रमाणे उठून उभी राहिली. ऑरव्हिलची छाती फुगली.

"बघ, अजून मान आहे आपल्याला."

लॉरेटा मांडीवरच्या नकाशाची घडी घालू लागली.

रँडल उतरून गाडीमागे उभा राहिला आणि ऑरव्हिल गाडी मागे घेऊ लागला. आता लॉरेटाची रीत अशी, की डोक्यावरच्या टोपीला हात लावला म्हणजे थांब. रँडलला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांताने थांबवत होता आणि ऑरव्हिलला वाटलं, पोरगं शाबासकी देतंय. त्याने आणखी जोर केला. काडकन आवाज झाला. जेवणाचं लाकडी टेबल मोडलं, टेबलामागचा नळ मोडला आणि पाण्याचं कारंजं पार देवदाराच्या फांद्यांना भिडलं. घाबरून त्याने गाडी पुढे घेतली, तर शेजारच्या क्लाइडची वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी आरशात अडकली आणि त्याच्या तीन लोकरी चड्ड्या पताकांसारख्या गाडीवर फडकू लागल्या.

तळाच्या रखवालदाराने धावत येऊन पाणी बंद केलं. क्लाइड मात्र तोवर नखशिखांत भिजून खिडकीशी आला होता. त्याचा राग ऑरव्हिलवर नव्हताच.

"लॉरेटा, अगं या खेपेला पुढे का नाही आलीस? आमच्या खुर्च्या आम्ही उचलल्या. पण तुमचं टेबल दरवर्षी तूच हलवून घेतेस ना आमच्याकडून?"

ऑरव्हिलने हळूच बायकोकडे पाहिलं.

"काय काय हलवायचीस?"

"टेबल फक्त," लॉरेटा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आणि दगड. कचऱ्याची पिंपं. एका वर्षी एक तंबू."

"तंबू? आत कुणी होतं?"

"दोघं होती. नुकतंच लग्न झालं होतं, पण समजूतदार निघाली."

ऑरव्हिल खाली उतरला. चेपलेल्या बंपरवरून त्याने एकदा हात फिरवला आणि किल्ली रँडलच्या हातात ठेवली. "वीक," एवढंच म्हणाला. वर्षभर रँडल या किल्लीची वाट बघत होता, आणि ती हातात आल्यावर त्याची नजर गाडीच्या उघड्या दारातून आत गेली. आतल्या कपाटाच्या दारावर त्याच्या उंचीच्या पेन्सिलखुणा होत्या, पहिलीपासून दहावीपर्यंत. त्याला भडभडून आलं.

तेवढ्यात लॉरेटा काठी टेकत उतरली.

"विकायची नाही," ती म्हणाली. "घरी हा माणूस दिवसाला तीन वाक्यं बोलतो, त्यातलं एक मीठ मागायचं असतं. या गाडीत बसला की नेब्रास्का ओलांडायच्या आत सगळं बालपण सांगून मोकळा होतो. दरवर्षी तेच. मला ते अजून ऐकायचंय. त्यापुढे एक टेबल काय जड आहे?"

रँडलने नाक पुसलं. "बरं बाई, नाही विकत. पण गाडी मागे कोण घेणार?"

लॉरेटाने त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली. दुखरा गुडघा डावा होता आणि गाडीला क्लच नव्हता. शिवाय बावीस वर्षं मागे उभं राहून कुठे काय चुकतं ते तिला तोंडपाठ झालं होतं. पलीकडची मुक्कामाची जागा रिकामी होती, गाडी आता तिथे लावायची होती. ती स्टिअरिंगवर बसली, तशी ऑरव्हिलच्या अंगात पुन्हा वीरश्री संचारली. बायकोला एकटीला कसं सोडायचं? तो धावत जाऊन गाडीच्या बरोब्बर मागे उभा राहिला आणि दोन्ही हातांनी जोरजोरात खुणा करू लागला.

गाडी थांबली. खिडकीतून लॉरेटाचं डोकं बाहेर आलं.

"ऑरव्हिल, जरा बाजूला हो बघू. मागचं काही दिसतच नाहीये, नुसता तूच दिसतोयस."