इंदुबाईंचा रेडिओ

"डोलवीच्या कंपनीत हत्तीएवढ्या मोटारी सुधारल्या मी! हा रेडिओ म्हणजे काय, चणे-फुटाणे!"

रिटायर झाल्यापासून रोह्याच्या कमळाकरला एकच छंद जडला होता. जुनी वस्तू दिसली की ती नवीकोरी करायची! बायकोच्या, चंद्रावतीच्या शिलाई मशीनला त्यानं असं तेल पाजलं, की महिनाभर प्रत्येक ब्लाउज भज्यासारखा तेलकट निघाला. तरी हौस काही फिटेना!

शेजारच्या इंदुबाईंनी रेडिओ आणला तो साध्या कामासाठी. "भावजी, उंदरानं वायर कुरतडलीय. तेवढी बघा. आमच्यांचा हाय, टाकवत नाय." त्यांचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती.

"वहिनी, रेडिओ ओळखणार नाय तुम्ही!"

वायर पाच मिनिटांत बदलली. तिथंच थांबला असता तर! पण लाकडी पेटी मळकट दिसली. बाजूला कुणीतरी पेनानं काहीतरी खरडलेलं. कमळाकरनं चष्माही न लावता पॉलिश पेपर उचलला आणि दोन तास घासघास घासलं. दुसऱ्या दिवशी गाडी पकडून थेट पेण! तिथं मूर्तींच्या कारखान्यात ओळखीचा मितेश होता.

"काका, मुकुटाचा सोनेरी रंग उरलाय. चालंल?"

"पळंल!"

रेडिओची बटणं अशी झळकली, की चंद्रावती म्हणाली, "अवो, रेडिओ हाय का नवरदेव?"

चौथ्या दिवशी दोघं वाजतगाजत इंदुबाईंच्या दारात. इंदुबाई बघतच राहिल्या. "ह्यो कोनाचा?"

"तुमचाच!" कमळाकरनं बटण फिरवलं. बातम्या ठणाणा सुरू! इंदुबाईंचे डोळे भरून आले. कमळाकर आणखी फुगला. "अवो वहिनी, रडताय काय! छंदच हाय माझा!"

इंदुबाईंनी पेटीच्या बाजूवरनं बोट फिरवलं. "हितं लिवलेलं होतं..."

"त्ये गिचमिड? लय चिवट! पार काढून टाकलं!"

"ह्यांनी लिवलेलं, भावजी. 'इंदू, हात लावू नको.' मी बटन फिरवायची नि ह्यांचं स्टेशन हलायचं. कितीदा भांडलो असू. ह्ये गेल्यापासून रोज सकाळी वाचायची मी ते. घरात त्यांचं दुसरं अक्षर नाय."

कमळाकरनं गुपचूप रेडिओ बंद केला. चंद्रावती त्याच्याकडं अशी बघत होती, की त्यापेक्षा तिनं लाटणं फेकून मारलेलं परवडलं असतं!

"मी... मी लिहून देतो परत," तो कसाबसा म्हणाला. खिशातलं पेन काढलं, पेटीला टेकवलं आणि अडला. दुसऱ्याच्या बायकोला नुसतं 'इंदू' कसं लिहायचं? तेही तिच्यासमोर, आपल्या बायकोच्या देखत? घाम पुसत त्यानं लिहिलं, 'इंदुवहिनी, कृपया हात लावू नये.'

इंदुबाईंनी वाचलं. हसू फुटलं, तसाच पदर डोळ्यांना गेला. "एस्टी स्टँडवरची पाटी झाली ही, भावजी," त्या म्हणाल्या, आणि रेडिओ उचलून आत घेऊन गेल्या. चहाला या म्हणाल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात घरातली इस्त्री बंद पडली. कमळाकरनं आपणहून ती पिशवीत घातली, बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडं नेली आणि काउंटरवर ठेवत हळूच म्हणाला,

"गरम होईल एवढंच बघ, बाबा. पुसू मात्र नको हां!"