हरीभाऊंचं हेल्मेट

नारपोलीत हेल्मेट घालून पायी चालणारा एकच माणूस आहे, आमचे शेजारी हरीभाऊ भोईर. गाडी नाही, सायकलही नाही. हेल्मेट मात्र पट्टा आवळून.

हरीभाऊ कापडाच्या कारखान्यांतले यंत्रमाग, म्हणजे लूम, दुरुस्त करणारे मास्टर. एकदा चालू लूममधून आडवा धागा नेणारा टोकदार धोटा सुटला आणि त्यांच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. तेव्हापासून हे हेल्मेट. "निदान कारखान्याबाहेर तरी काढा," असं मी म्हटलं, तर म्हणाले, "सर, सुटलेल्या धोट्याला काय म्हाईत, कारखाना कुठं संपतो ते?" कारागीर हसतात, "मास्टर, जंग पे जा रहे हो क्या?" हसू देत. लूमला हात लावण्याआधी हरीभाऊ स्विच बंद करतात, फ्यूज काढून खिशात टाकतात आणि शिवाय बोर्डापाशी एकाला पहाऱ्याला उभं करतात. पण त्यांनी लावून दिलेली लूम पुन्हा बिघडली, असं मी तरी ऐकलेलं नाही.

त्यांच्यासमोर 'साधं' हा शब्द काढायची सोय नाही. साधी सर्दी म्हणा, साधा खड्डा म्हणा, लगेच बोट वर. "साधं कायपन नसतं, सर."

त्यांची मुलगी सायली मोबाईलवर जपानी कार्टून बघते. त्यातल्या एकात एक शूरवीर आहे. ताकद अफाट, पण चिमुकल्या राक्षसाशी लढायलाही आधी दिवसच्या दिवस जोर काढणार आणि मेलेल्या राक्षसाला पुन्हा चारदा मारणार. सायलीने तो बापाला दाखवला. "बाबा, हे बघा, तुम्हीच!" हरीभाऊंनी चष्मा पुसून अख्खा भाग पाहिला. एकदाही हसले नाहीत. "ह्योच एक शाना हाय," म्हणाले. "बाकीचे येडे."

मग सायलीला हायवेजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी लागली आणि दारात स्कूटर आली. हरीभाऊ नारपोलीपासून गोदामापर्यंत पायी गेले आणि वहीत खड्ड्यांचा नकाशा काढून आले. पहिला आठवडा सायलीने स्टँडवरच्या स्कूटरवर बसून नुसते ब्रेक दाबायचे. नंतर मैदानात फेऱ्या, मागे हरीभाऊ पळताहेत. शेवटी पोरीनेच निक्षून सांगितलं, "बाबा, सोमवारपासून ड्युटी आहे. मी एकटीच जाणार."

"तयारी?"

"आहे."



सोमवारी सकाळी ती गेली. थोड्या वेळाने मी शाळेला निघालो, तर हरीभाऊंचं दार सताड उघडं. भाजी आणायला जातानाही दोन कुलपं लावणारा हा माणूस! आत गॅसवर दूध उतू जाऊन पातेलं करपत होतं. गॅस बंद करून मी धावलो.

नाक्यावर हरीभाऊ धापा टाकत उभे होते. अनवाणी, आणि बोडक्या डोक्याने. त्यांचे केस इतके पिकलेत, हे मला त्या दिवशी कळलं. सायली सहावीत असताना तिची आई तापाने गेली. साधा ताप हाय, असं तेव्हा हरीभाऊच म्हणाले होते.

इतक्यात त्यांच्या हातातला मोबाईल वाजला. सायलीचा मेसेज होता, 'पोचले.' त्यांनी तो तीनदा वाचला आणि मग माझ्यापुढे धरला.

"तिची तयारी पुरी होती, सर," ते म्हणाले. "माझीच ऱ्हायली."