ऐन कापणीत सुट्टी

बेत आखावा तर मी आखावा! असं सगळे म्हणतात. म्हणजे मी म्हणतो, आणि बाकीचे गप्प बसतात.

एकोणीस वर्षांच्या संसारात नोरीनला, म्हणजे माझ्या बायकोला, मी एकदाही सुट्टीवर नेलं नव्हतं. आम्ही अमेरिकेतल्या वायोमिंगचे गुरं पाळणारे लोक. आमची सहल म्हणजे पलीकडच्या गावातून ट्रॅक्टरचा पट्टा आणायचा आणि येताना आइस्क्रीम खायचं. पण यंदा मी डोंगरातल्या तलावाकाठी चार दिवसांची जागा मिळवलीच! फक्त जुलैचा दुसरा आठवडा शिल्लक होता, आणि तो नेमका लसूणघासाच्या, म्हणजे गुरांच्या चाऱ्याच्या, कापणीचा.

आमच्या खोऱ्यात कापणीच्या आठवड्यात लोक मरणसुद्धा पुढे ढकलतात. अशा वेळी "मी पोहायला चाललोय, तेवढं माझ्या गुरांकडे बघा" असं शेजाऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून मी शेजारच्या डेलबर्टला कुंपणापाशी गाठलं आणि एक अगदी छोटीशी थाप मारली.

"डेलबर्ट, चार दिवस माझ्या गुरांचं बघाल का? शहरात डॉक्टरकडे जायचंय."

डेलबर्ट बहात्तर वर्षांचा. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च करत नाही.

"काय झालं?"

हा प्रश्न माझ्या बेतात नव्हता! माझा हात आपोआप छातीवर गेला. देवाशपथ सांगतो, खिशातला चष्मा काढायला गेला होता. पण डेलबर्टने डोक्यावरची हॅट काढली.

"समजलं," म्हणाला, आणि घरी गेला.

घरी त्याची बायको आयव्ही. चर्चमधल्या समस्त मंडळींचे फोन नंबर तिच्याकडे! दुपारी जेवायला गेलो तर आमच्या ओट्यावर सात झाकलेली भांडी. कशात बटाटे-चीज, कशात कोंबडी, आणि प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. नोरीन कमरेवर हात ठेवून उभी.

"मर्ल, आयव्ही माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, 'धीर धर पोरी, आजकाल हृदय उघडून परत शिवतात.' कुणाचं हृदय?"

"माझं," मी पुटपुटलो, आणि सगळं सांगून टाकलं.

"आत्ताच्या आत्ता जा आणि खरं सांग त्यांना!"

"सांगतो की! पण मग सुट्टी गेली."

नोरीनने दाराकडे पाहिलं. तिथे तिची बॅग तीन आठवडे भरून ठेवलेली होती. ती खाली बसली. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती, पण मी म्हणालो, "परत आलो की सांगतो. शप्पथ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आता मरणाच्या दारातला माणूस मागे होडी जोडून कसा जाणार? होडीवर ताडपत्री टाकली. गाडी नोरीनकडे, आणि मी मागच्या सीटवर आडवा, मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून. टेस चौदा वर्षांची आहे.

"बाबा, मी रडू, की नुसती उदास दिसू?"

"नुसती उदास दिस."

तिठ्यावर गाडी थांबली. मी हळूच डोकं वर काढलं. समोरून अकरा ट्रॅक्टर ओळीने येत होते, आणि माझ्याच शेताकडे वळत होते! आमची गाडी दिसताच सगळ्यांनी इंजिनं बंद केली. कापणीच्या आठवड्यात! एकेकाने हॅट काढून छातीशी धरली. सगळ्यात पुढे डेलबर्ट. त्याचं स्वतःचं गवत कापून रानात पसरलेलं, पश्चिमेला ढग भरलेले, आणि हा म्हातारा आधी माझं शेत उरकायला निघालेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांब, नोरीन," म्हणालो, आणि खाली उतरलो. अंगात काय आहे ते उतरल्यावर आठवलं. अननसांची चित्रं असलेली पोहायची चड्डी! आणि नाकाला उन्हाचं पांढरं मलम!

"मला काहीही झालेलं नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "मी खोटं बोललो. मी पोहायला चाललो होतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डेलबर्टच्या शेजारी बसलेली आयव्ही एवढंच म्हणाली, "मी बावीस जणांना फोन केले, मर्ल."

डेलबर्टने ती अननसं अगदी सावकाश पाहून घेतली.

"नोरीन, पोरीला घेऊन तू जा," तो म्हणाला. "मर्लला काम आहे."

त्या गेल्या! मी तीन दिवस डेलबर्टच्या रानात गवताचे गठ्ठे बांधले. पहिला दिवस तर त्याच चड्डीत, कारण कपडे बदलून येऊ का, हे विचारायची हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी शेवटचा गठ्ठा छपराखाली गेला आणि पाऊस आला. चौथ्या दिवशी माझ्या शेताला हात लावला, तर निम्मं भिजलेलं. मला कुणी शिवी दिली नाही. फक्त बायका येऊन आपापली भांडी परत घेऊन गेल्या. भरलेली!

नोरीन परत आली ती उन्हाने तांबूस होऊन, गाणी गुणगुणत. "आयुष्यात इतक्या सुखात कधी झोपले नव्हते," म्हणाली. मी कारण विचारलं नाही.

नोव्हेंबरमध्ये बर्फावरून घसरलो आणि पाय खरोखरच मोडला. गोठ्यात पडल्या पडल्या डेलबर्टला फोन लावला.

"डेलबर्ट, माझा पाय मोडलाय हो."

"तलाव गोठलाय, मर्ल," तो म्हणाला. "आता कुठे निघालास?"

पण आला. सहा आठवडे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, रोज येऊन त्याने माझ्या गुरांना चारा घातला. फक्त दररोज सकाळी आधी घरात यायचा, वाकून माझ्या प्लास्टरवर बोटाने टकटक करायचा, कान देऊन ऐकायचा आणि मगच गोठ्याकडे जायचा. आणि मी रोज मुकाट्याने पाय पुढे करायचो.