सतराशे पिना आणि चिमूटभर अक्षता

मिलिंद सबनीसला या व्यवहारात तीनशे अठरा पौंड सुटणार होते. लेकीला, म्हणजे ईशिताला, हवा तसा गेमिंगचा तयार कॉम्प्युटर चौदाशे पन्नासला होता. सुटे भाग निवडून घरी जोडला तर अकराशे बत्तीस. हा फायदा त्याच्या हिशेबाच्या शीटमध्ये हिरव्या अक्षरांत होता. दुसरा फायदा शीटमध्ये कुठेच नव्हता. पंधरा वर्षांची ईशिता वर्षभर बापाशी 'फाइन' आणि 'व्हॉटेव्हर' एवढ्यावर भागवत होती. भाग निवडायचे तर तिला शेजारी बसावंच लागणार, असा त्याचा आडाखा होता.

आणि ती बसली की! ब्रॅकनेलच्या त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, सलग तीन आठवडे. मिलिंदनं एकेचाळीस व्हिडिओ पाहिले. ग्राफिक्स कार्ड केवढं असतं ते कळावं म्हणून त्यानं पेन्सिलीनं भिंतीवर मापात काढलं, तेव्हा ईशिता चक्क हसली.

"बाबा, हा मेमरी जुना टाइपचा आहे."

"जुना म्हणजे अनुभवी. किती स्वस्त पडतोय बघ."

"आणि मदरबोर्ड ओपन बॉक्स? समवन सेंट इट बॅक, यू नो."

"परत पाठवलाय, वापरलेला नाही. अठरा पौंड कमी! फक्त आता ते परत घेणार नाहीत, एवढंच."

"एवढंच?" ईशितानं भुवई उडवली. पण पूर्ण संभाषण झालं होतं, तेही मराठीच्या आसपास. मिलिंदनं अठरा पौंडांच्या सवलतीवर बटण दाबलं.

सगळी खोकी येऊन पोचली ती नेमकी दसऱ्याला. मिलिंदची बायको श्यामला कौन्सिलच्या पेरोलमध्ये, म्हणजे पगाराच्या हिशेबाला, होती. तारखा आणि रीतिरिवाज दोन्ही तिच्या हातचे.

"आज शस्त्रं पुजायची असतात," ती म्हणाली. "गेल्या वर्षी तुझा लॅपटॉप आणि ड्रिल पुजलं. हे तर कोरं करकरीत आहे. मांड पाटावर."

मिलिंदनं भाग मांडले. अंगातल्या विजेनं काही जळू नये म्हणून त्यानं मनगटाला खास पट्टा बांधला होता आणि पट्ट्याची वायर खोली तापवायच्या रेडिएटरला अडकवली होती. ईशितानं निरांजन धरलं.

"अरे, त्या बोर्डावरचं काळं झाकण काढ की. पूजा काय झाकणाची करायची?"

"श्यामला, खाली प्रोसेसरची चिप बसायच्या पिना आहेत. केसासारख्या बारीक. सतराशे!"

"मग हात नको लावू. लांबून अक्षता टाक, पोचतात."

मिलिंदला हे पटलं. वायरीनं रेडिएटरला बांधलेल्या माणसाला हे कसं पटलं, ते विचारू नये. सणाच्या दिवशी नवरा-बायकोचं एकमत झालं की त्यात कुणी खोट काढत नाही. त्यानं झाकण काढलं आणि चिमूटभर अक्षता टाकल्या. कुंकवानं ओला झालेला एक दाणा पिनांच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"कुणी हलू नका," मिलिंद म्हणाला. "श्यामला, तुझा भुवयांचा चिमटा आण."

दाणा निघाला. निघताना अकरा पिना आडव्या करून गेला.

"बाबा. स्टॉप. टचिंग. इट."

दुकानाच्या हेल्पलाइनवरची मुलगी फारच सभ्य होती. "सर, फोटोत ते लाल काय आहे? गंज?"

"नाही."

"ब्लड?"

"नाही, नाही! इट्स अ ब्लेसिंग."

"सर, ब्लेसिंग वॉरंटीत येत नाही."

तसाच दुसरा बोर्ड संपला होता. त्या चिपला चालणारा एकच बोर्ड शिल्लक होता, एकशे एकोणसाठचा, आणि त्याला जुनी मेमरी बसत नव्हती. नवी मेमरी एकशे चौऱ्याऐंशी. दोन्ही मागवून मिलिंदनं बेरीज केली: चौदाशे पंच्याहत्तर. म्हणजे तयार कॉम्प्युटर पंचवीस पौंडांनी स्वस्त पडला असता. पण त्याला जास्त लागलं ते वेगळंच. ईशिता बिघडलेला बोर्ड घेऊन खोलीत गेली आणि "जेवायला येतेस ना?" याला पुन्हा "फाइन" आलं. पुढचे चार दिवस तेच. नवे भाग आल्यावर त्यानं एकट्यानंच सगळं जोडलं.

शनिवारी ती खाली आली. एका हातात आईची शिवणाची सुई, दुसऱ्यात भिंग.

"झाल्या सरळ. ऑल इलेव्हन."

नव्या मशिनातली चिप काढून त्यांनी जुन्या बोर्डावर बसवली. दिवा लागला.

"म्हणजे नवा बोर्ड परत करता येईल!" मिलिंद ओरडला.

"खोक्याशिवाय? ते सकाळीच कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाडीत गेलं," श्यामला म्हणाली. "तूच ठेवलंस बाहेर."

"सो आपल्याकडे दोन बोर्ड, दोन मेमरी आहे," ईशिता म्हणाली. "अजून एक चिप, कॅबिनेट, सेकंडहँड कार्ड... मग दोन कॉम्प्युटर. नेक्स्ट टू ईच अदर. दोघं खेळू शकतो."

दोघं! मिलिंदच्या डोळ्यांपुढे दोन खुर्च्या आल्या. पाठोपाठ भागांचे चारशे पाच पौंड. तो काही म्हणणार, तोच श्यामला म्हणाली, "हे मी भरते. अक्षता माझ्या होत्या."

मिलिंदला भरून आलं. त्यानं दुसरं मशीन दोन संध्याकाळींत जोडलं, खुर्ची आणली, उंची आपल्या मापाची केली. रविवारी हात धुऊन येतो तर त्या खुर्चीत श्यामला.

"पैसे माझे, खुर्ची माझी," ती म्हणाली.

पेरोलमध्ये वीस वर्षं काढलेली बाई. एक गोळी फुकट घालवत नव्हती. "आई, मागे! मागे बघ! अगं, तो आला!" ईशिता ओरडत होती, एका दमात, पूर्ण वाक्यांत. मिलिंद टोस्टची बशी घेऊन दारात उभा राहिला. बरंही वाटत होतं आणि नव्हतंही.

"बाबा," ईशितानं मान न वळवता विचारलं, "थर्ड वन किती होईल?"

मिलिंदनं बशी खाली ठेवली आणि फोनवर शीट उघडलं. आतापर्यंतचा हिशेब असा होता: ईशिता शून्य, श्यामला चारशे पाच, मिलिंद चौदाशे पंच्याहत्तर. शिवाय टोस्टही त्यानंच भाजले होते.