इथेनॉलमधलं पाणी

"वाळवणं म्हणजे काय मोठं काम हाय का?" केवलरामने छाती ठोकून सांगितलं. "एकतीस वर्षं स्टील प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीपाशी काढली मी! तुह्या मक्याची काय मजाल!"

माणसाने अशी छाती ठोकली की नशीब कान टवकारतं. पण हे त्याला सांगणार कोण? सांगणारी बायको, भागाबाई, गेल्या दिवाळीआधीच वारली. कारखान्याजवळच्या कॅम्प-1 वस्तीतल्या घरात आता तो आणि मुलगी उन्नती, दोघंच.

उन्नती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमध्ये थोडं पाणी चिकटून राहतं, कितीही उकळा, निघत नाही. इथेनॉलची वाफ मक्याच्या भरडीतून सोडली की भरड ते पाणी पिऊन घेते. हा तिचा प्रोजेक्ट. अट एकच, भरड कोरडीठाक हवी.

"पापा, चार दिन धूप दाखवा फक्त. मंगळवारी डेमो आहे. नाही जमलं तर साल गेलं माझं!"

"तू बिनघोर राह्य!"

केवलरामने गच्चीवर चादर अंथरली, भरड पसरली आणि चार दिवस चिमण्यांशी युद्ध केलं. भरड अशी खडखडीत वाळली की तो स्वतःवरच खूश झाला. सोमवारी संध्याकाळी ऊन उतरलं. आता उन्हाळ्यात या वेळी केवलराम काय करतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. रात्री घर थंड राहावं म्हणून पाइप घेऊन गच्ची धुतो. वीस उन्हाळे धुतली! हात आपोआप पाइपाकडे गेला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, शिस्तीत, आणि भरडीवर दोन फेऱ्या जास्तीच!

शेजारची बेबीताई तिच्या गच्चीवरून ओरडली, "भाऊजी, मक्याले पाणी कावून देऊन राहिले? उगवते का तो आता?"

पाइप हातातून गळून पडला.

"कढईत परतून घ्या," बेबीताईने तोडगा काढला. परतली. अर्धी कढईला चिकटली, अर्धी जळली. बेबीताईने बोटावर घेऊन चाखली. "मीठ कमी हाय," ती म्हणाली.

उन्नती कॉलेजातून आली, कढईत पाहिलं आणि मटकन खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं!

"मम्मी असती ना, तर हे झालंच नसतं," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

केवलराम कढई खरवडत राहिला. खोटं थोडंच होतं ते!

मग त्याने विचारलं, "मकाच लागते का? गव्हाचा चीक नाई चालत?"

"चालेल ना, स्टार्चच आहे तो. लेकिन पापा, आज की आज सुखा हुआ कहाँ से लाओगे?" असं म्हणून ती गच्चीवर जाऊन बसली.

स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक डबा होता. भागाबाईने गेल्या उन्हाळ्यात पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवला होता, कुरडया घातल्या होत्या. तळाशी दहा-बारा उरल्या होत्या. त्यांना कोणी हात लावायचा नाही, असं केवलरामचं फर्मान होतं. पंधरा दिवसांवर अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया, आली होती. भागाबाईच्या नावाने पहिल्यांदाच पान वाढायचं होतं, त्यावर तिच्याच हातची कुरडई पाहिजे होती.

त्याने डबा उघडला. एक कुरडई मोडून पाहिली. कट्ट! वर्षभरानंतरही तशीच कोरडी. त्याचं वाळवण चार दिवसांत बुडालं, हिचं हिच्यामागेही टिकलं!

"भागे, पोरीचं साल जाते वं," तो म्हणाला आणि साऱ्या कुरडया मिक्सरमध्ये टाकल्या. मिक्सर घरघरत होता तोवर त्याने मोकळेपणाने रडून घेतलं. त्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार!

"सुका चीक दुर्गच्या बाजारातून आणला," त्याने उन्नतीला सांगितलं.

मंगळवारी दुपारी ती धावतच घरात शिरली. "पापा! नव्व्याण्णव पॉइंट पाच टक्के प्युअर! पूरे बॅच में हायेस्ट! सर विचारत होते, इतका कोरडा माल दिला कोणी? हा फॉर्म भरा. त्यांना अजून दहा किलो पाहिजे."

केवलराम तोंडाने खोटं बोलू शकायचा, पण छापील फॉर्मवर खोटं लिहिणं त्याला नोकरीत कधी जमलं नव्हतं. त्याने चष्मा लावला. पुरवठादाराच्या रकान्यात लिहिलं, भागाबाई केवलराम बोपचे. खाली होतं, उपलब्ध साठा. तिथे त्याने लिहिलं, निरंक.

उन्नतीने वाचलं. स्वयंपाकघरातल्या फळीकडे पाहिलं.

"पापा, मग अक्तीला मम्मीच्या पानावर काय ठेवायचं?"

"तुह्या रिझल्टचा कागद ठेवू," केवलराम म्हणाला. "तिले वाचता नाई येत. तू वाचून दाखव."