सासूबाईंची तपासणी आणि माझी करसूट

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कर या विषयात मला कोणी शिकवायला येऊ नये! गेली कित्येक वर्षं मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात कारकून आहे. लोक वर्तमानपत्रात आधी राशिभविष्य बघतात, मी नवीन नियम बघतो. त्यामुळे बायकोने जेव्हा जाहीर केलं, की "या सुट्टीत आपण त्या मोठ्या शहरात जायचं, आणि आईलाही न्यायचं," तेव्हा मी जराही डगमगलो नाही. म्हटलं, "खुशाल चला! दुसरे लोक तिथे लुटले जातात, कारण त्यांना नियम माहीत नसतात. मी आहे ना!"

कारण मंडळी, शहर कधीच महाग नसतं, महाग असतो तो कर! हॉटेलचं भाडं बघावं तर बिचारं गरीब गायीसारखं दिसतं. बुकिंग करायला जावं, तर तिच्यामागून निवास कर, स्वच्छता कर आणि पाहुणा कर अशी वासरं रांगेने बाहेर पडतात. टॅक्सीने शहराच्या मध्यभागी जा, की गर्दी कर. मनोऱ्यावर चढा, की करमणूक कर. म्हणजे माझे गुडघे दुखणार, आणि करमणूक झाली म्हणून पैसे पालिकेला!

या सगळ्यात मला खुपत होता तो पाहुणा कर. माणशी, दर रात्री! पण मी नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि मला रत्न सापडलं. 'वैद्यकीय उपचारासाठी शहरात आलेली व्यक्ती व तिच्या सोबतची एक व्यक्ती यांना सूट.' मी खुर्चीतच उडी मारली. सासूबाईंना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचाच होता. तो तिथे तपासू! सासूबाई रुग्ण, बायको सोबत. कर भरणार फक्त मी. हा बेत मी कोणाला सांगितला नाही. बायकोला सांगितला असता, तर तिने माझीच तपासणी केली असती.

हॉटेलात पोचलो. सासूबाई आणि बायको दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीपाशी रमल्या. संधी साधून मी काउंटरवर गेलो. तिथली मुलगी गोड होती, डोळे मोठे आणि पाणीदार.

"सासूबाईंना तपासणीसाठी आणलंय," मी म्हणालो. टाकीपर्यंत ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी खाली आणला.

तिनेही आवाज खाली आणला. "गंभीर आहे का हो?"

आता नुसता चष्मा म्हटलं असतं, तर सूट गेली असती. मी सुस्कारा सोडला. "काय सांगू? हळू बोला. त्यांना काहीच कल्पना नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. करातल्या सुटीची त्यांना खरंच कल्पना नव्हती! पण त्या मुलीचे डोळे भरून आले. तिने तत्काळ सासूबाई आणि बायको या दोघींच्या नावापुढे सूट लिहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही आता काही काळजी करायची नाही."

मी छाती फुगवून खोलीकडे निघालो.

काळजी तिने घेतली, भरपूर घेतली! आमची वरच्या मजल्यावरची, नदी दिसणारी खोली बदलून खालची दिली. जिने नकोत म्हणून. दाराशी चाकांची खुर्ची आणून ठेवली. बायकोला मी म्हटलं, "वयस्कर पाहुण्यांसाठी इथली पद्धतच आहे." मोठा फुलांचा गुच्छ आला. तोवर सासूबाई खूश होत्या. "मोठ्या शहरात माणसांची किंमत करतात हो," असं त्या म्हणाल्याही. पण दुपारी आम्हाला साग्रसंगीत जेवण आलं आणि त्यांच्यापुढे बिनमिठाचं पातळ सूप! ते घेऊन ती मुलगी स्वतः आली. तिने सासूबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "धीर सोडू नका हं, आजी. इतका चांगला जावई सगळ्यांना मिळत नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सूपाकडे. मग चाकांच्या खुर्चीकडे. एरवी जेवणात मीठ कमी पडलं तर त्या स्वयंपाक्याच्या सात पिढ्यांची चौकशी करतात. त्या दिवशी सूप गुपचूप संपवलं.

जेवणानंतर बायको जरा आडवी झाली, तेव्हा त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"जावईबापू, खरं सांगा. किती दिवस आहेत?"

मला वाटलं, सहलीचं विचारताहेत. "चार."

"चारच?" त्यांचा आवाज चिरकला.

"आजचा धरून."

"वाढवता नाही येणार?"

"येतील की. पण उगाच खर्च वाढवण्यात काय अर्थ आहे? जे ठरलंय त्यात समाधान मानावं."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "खरंय. शेवटी ज्याला त्याला हे देणं फेडावंच लागतं."

"तुम्हाला नाही लागणार!" मी उत्साहाने म्हणालो. "तुमचं मी सगळं व्यवस्थित जमवलंय."

"आणि हिला? हिला माहीत आहे?"

"अहो, तिला माहीत नसेल कसं? बॅगा तिनेच तर भरल्या!"

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच! मला वाटलं, शहराची हवा मानवली.

मंडळी, त्या संध्याकाळपासून सासूबाईंनी शहर बघायला अशी सुरुवात केली, की विचारू नका! चाकांची खुर्ची त्यांनी पायाने बाजूला ढकलली आणि "टॅक्सी!" म्हणून अशी आरोळी ठोकली, की तीन थांबल्या. गर्दी कर! नदीतली होडी, तीही काचेच्या छताची. तिला नदी कर! गोल फिरणारं हॉटेल, जिथे सूप येईपर्यंत आपण उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. त्याला कर, आणि करावर अधिभार! मी पाकीट उघडून रडकुंडीला आलो, की त्या म्हणत, "असू द्या हो. पैसा काय बरोबर नेणार आहोत?" आणि मी म्हणे, "परत तर नेऊ!" त्यावर त्या इतकं करुण हसत, की मी नोटा मोजायला लागे.

दुसऱ्या दिवशी मनोऱ्यावर गेलो. खाली सगळं शहर पसरलेलं. सासूबाई कठडा घट्ट धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, "उंचीची भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "उंचीची नाही." मला काही उमगलं नाही. मी तिकिटावरचा करमणूक कर वाचण्यात गुंग होतो. पुढे हा प्रसंग आठवला, की माझी मलाच लाज वाटते.

मनोऱ्यावरून उतरल्यावर मी कुठल्याशा रांगेत उभा राहिलो, तेव्हा सासूबाईंनी बायकोचा फोन मागून घेतला आणि बाकावर बसून फोनवर फोन केले. बायको म्हणाली, "माहेरची आठवण आली असेल." असेल बुवा!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दिवाणखान्यात चहा घेत होतो. फिरत्या दारातून एक गलबला आत आला. पुढे थोरले मामा, ज्यांचा नुसता खाकरा ऐकून कुत्री गल्ली सोडतात. मागे मामी, धाकटी मावशी, मावशीचे यजमान आणि मावशीच्या दोन विवाहित मुली आपापल्या नवऱ्यांसकट. सगळ्यांचे डोळे सुजलेले! मामांनी मला उराशी असं आवळलं, की चहा त्यांच्या पाठीवरून ओघळला.

"मोठ्या मनाचा माणूस आहेस!" मामा हुंदका देत म्हणाले. "शेवटी शेवटी तिला जग दाखवलंस!"

"कोणाला?"

तेवढ्यात बायको धावत आली. मावशीने तिला गळ्याशी धरून काय सांगितलं कोण जाणे, ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अहो! मला का नाही सांगितलंत? डॉक्टर काय म्हणाले? कधी म्हणाले?"

"कोण डॉक्टर?"

"आईचा!"

"आईला काय झालंय?"

"जावईबापू, आता लपवू नका," मागून सासूबाईंचा शांत आवाज आला. "मी मन घट्ट केलंय. तुम्हीच म्हणालात ना, चार दिवस?"

माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. सूप, फुलं, खुर्ची, व्हरांडा, कठड्यावरचा हात! काउंटरवरची मुलगीही रुमाल नाकाशी धरून उभी होती. पळायला वाट नव्हती, फिरतं दार मामांनी अडवलं होतं.

"सासूबाई," मी म्हणालो, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. तुमचा फक्त चष्म्याचा नंबर तपासायचाय. चार दिवस सहलीचे. मी... मी ते कर वाचवायला..."

टाकीतले मासेसुद्धा थांबले असावेत.

सासूबाई हळूच सोफ्यावर बसल्या. त्यांनी एक लांब श्वास घेतला, मग आणखी एक. आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम. बायको त्यांना बिलगली. आणि मला, मंडळी, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"दोन रात्री झोपले नाही हो मी," सासूबाई म्हणाल्या. "छताकडे बघून सगळ्यांना माफ करत होते. तुम्हालासुद्धा! तुम्हाला माफ करायला पहाट झाली!"

"सासूबाई, माझं चुकलं..."

"ते नंतर बघू. आधी मीठ आणा! आणि हे सगळे एवढ्या लांबून आलेत, ते काय तोंड धुऊन परत जातील? रडून रडून दमलेत बिचारे. आता शहर बघूनच जातील. जावईबापू करतील सगळं! काय हो?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मामा अजून दारातच उभे होते.

अख्खा गोतावळा काउंटरवर गेला. त्या मुलीने डोळे कोरडे केले होते, आणि आवाजही! आमच्या दोन्ही सुटी तिने खाडकन खोडल्या आणि नवीन नावं लिहायला घेतली. "यांच्यापैकी कोणी उपचारासाठी आलंय?"

"नाही!" मामा गरजले. "सगळे ठणठणीत!"

"मग पाहुणा कर. माणशी, दर रात्री." तिने यंत्र दाबलं. बिल बाहेर यायला लागलं. येतच राहिलं. काउंटरवरून खाली उतरलं, माझ्या बुटांपर्यंत पोचलं. खालचा आकडा वाचला आणि माझ्या डोळ्यांपुढे काळोखी आली. मी काउंटर धरलं आणि खाली बसलो.

"अगं, यांना काय होतंय!" बायको ओरडली. कोणीतरी ती चाकांची खुर्ची आणली, मला तिच्यात कोंबलं. सासूबाई पदराने वारा घालू लागल्या.

अशा स्थितीतही, खोटं कशाला सांगू, मी एक डोळा उघडला आणि त्या मुलीला क्षीण आवाजात विचारलं, "आता तरी... एका माणसाची सूट?"

"नाही सर," ती म्हणाली. "सूट आजारी पडून शहरात येणाऱ्यांना आहे. शहरात येऊन आजारी पडणाऱ्यांना नाही."